लुइझियानाचें खाजण आणि त्यांतील होडी

रॉबर्ट फ्लॅहर्टी या अमेरिकन चित्रपटकाराचा पहिला नामांकित चित्रपट इ. स. १९२२ मध्यें लोकांपुढें आला आणि शेवटचा मोठा चित्रपट १९४८ मध्यें. 'नानूक ऑफ द नॉर्थ' या पहिल्या चित्रपटाचा विषय हडसन उपसागराच्या कांठीं राहणारे इनुइट लोक हा होता. 'लुइझियाना स्टोरी' या शेवटच्या चित्रपटाचा विषय मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या लुइझियाना संस्थानांतील दलदलीचा मुलूख हा होता. विषय इतके भिन्न असतांहि दोहोंच्या आरंभीं एक लहानशी होडी आपल्या दृष्टीस पडते. नानूक आपल्या कातड्याच्या कयाकमधून किनाऱ्यास लागतो, आणि एकट्या माणसापुरत्या त्या होडीच्या पोटांतून त्याचें सारें कुटुंब एकामागून एक बाहेर पडतें. लुइझियानांतील मुलगा पिरोग नांवाच्या निमुळत्या होडींतून झाडांच्या सावलींतल्या संथ पाण्यावरून एकटाच वल्हवीत जातो. आणि थोड्याच वेळानें त्याच पाण्यावर तेलाची विहीर खणणारा प्रचंड मनोरा तरंगत येतो. पहिल्या चित्रपटाचा खर्च केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच पेढीनें सोसला होता, दुसऱ्याचा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीनें.

आज त्या दक्षिणेकडील मुलुखांत पिरोग क्वचितच आढळते. तिच्या जागीं उत्तरेकडील हिमप्रदेशाची कयाक, प्लॅस्टिकचें नवें रूप घेऊन, मासे धरण्यासाठीं हिंडतांना दिसते. एका होडीनें दुसरीची जागा घेतली एवढीच ही गोष्ट असती तर ती हौशी लोकांनीं आपसांत बोलण्याची झाली असती. परंतु या अदलाबदलींत होडी चालविणारा मनुष्य बदलला, त्याचा हेतु बदलला, आणि ज्या पाण्यावर आज ही होडी चालते त्यांतील पुष्कळसें पाणी तर फ्लॅहर्टीच्या वेळीं जमीन होतें. म्हणून हा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या भूमीविषयीं. दक्षिण लुइझियाना ही मिसिसिपी नदीची निर्मिति आहे. अर्ध्या खंडाची माती वाहून आणणाऱ्या या नदीनें गेल्या सुमारें सात हजार वर्षांत आपलें मुख वारंवार बदललें. एका बाजूस गाळाचा पंखा पसरावा, मार्ग फार लांबला म्हणजे तो सोडून जवळच्या वाटेनें समुद्र गांठावा, असा तिचा क्रम होता. सोडलेला पंखा हळूहळू खचे, नवा वर येई. या गाळावर समुद्राच्या बाजूस खारें गवत उगवतें व त्याच्या मुळांच्या जाळ्यानें चिखल धरून ठेविला जातो. आपण कोंकणांत ज्याला खाजण म्हणतों त्याच जातीची ही भूमि. मात्र आपल्याकडे तिवरांची दाटी, तर तेथें क्षितिजापर्यंत कमरेएवढें गवत. दुसराहि एक भेद आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसांतून दोन भरत्या येतात व उधाणाचें पाणी दोन पुरुष चढतें. लुइझियानांत बहुधा दिवसाला एकच भरती येते व तिची उंची सुमारें एक फूट असते. त्यामुळें तेथें चंद्रापेक्षां वाऱ्याची सत्ता मोठी. हिंवाळ्यांत उत्तरेचा वारा सुटला कीं खाजणांतील पाणी समुद्राकडे लोटलें जाऊन चिखल उघडा पडतो. दक्षिणेचा वारा आला कीं गवतांत पाणी शिरतें.

वीतभर पाणी, खालीं मांडी रुते इतका चिखल, आणि वाटा तर दर वर्षीं बदलणाऱ्या! अशा ठिकाणीं घोडा निरुपयोगी, गलबत निरुपयोगी आणि पायीं चालणें जवळजवळ अशक्य. येथें ज्याला जगावयाचें त्याला हलक्या, उथळ आणि एका माणसानें ओढून नेतां येईल अशा होडीवांचून गत्यंतर नाहीं. ही होडी तेथील मूळ रहिवाशांनीं युरोपियनांच्या कितीतरी पूर्वीं सिद्ध केली होती. सायप्रसचा प्रचंड बुंधा घ्यावा, त्यावर विस्तव ठेवून लांकूड जाळावें, जळलेला भाग खरवडून काढावा, पुन्हां विस्तव ठेवावा, असा तो उद्योग. इ. स. १७१८ पासून सोळा वर्षें लुइझियानांत राहिलेल्या ल पाज द्यू प्राझ या फ्रेंच गृहस्थानें १७५८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासग्रंथांत या कृतीचें वर्णन दिलें आहे. फ्रेंचांनीं ती होडी उचलली, विस्तवाच्या जोडीला लोखंडी हत्यारें आणिलीं, आणि कॅरिब लोकांच्या भाषेंतून स्पॅनिश भाषेच्या द्वारें आलेलें 'पिरोग' हें नांव तिला दिलें. ही होडी नुसत्या दंवावरहि चालते, अशी म्हण त्या देशांत पडली, यावरून ती किती उथळ पाण्यांत जात असे याची कल्पना येईल.

या होडीच्या आश्रयानें जे लोक खाजणांत आले ते बहुतेक दुसरीकडून हांकलून लावलेले होते. अकेडियन लोकांचेंच उदाहरण घ्या. हे फ्रेंच शेतकरी आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, फंडीच्या उपसागराच्या कांठीं, शंभरांवर वर्षें राहत होते व तेथें त्यांनीं खाजणेंच लागवडीस आणिलीं होतीं. मातीचा बांध घालून त्यांत ते झडपेची मोरी ठेवीत. ओहोटीच्या वेळीं आंतलें गोडें पाणी झडप ढकलून बाहेर जाई, आणि भरतीचें खारें पाणी चढूं लागलें कीं तीच झडप आपोआप मिटे. गोव्यांतील खाजणबांधाला असलेली 'मानस' याच तत्त्वावर चालते, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. एकमेकांचें नांवहि न ऐकलेल्या दोन समाजांनीं एकाच अडचणीला एकच उत्तर शोधून काढावें, ही गोष्ट मोठी चिंतनीय आहे. इ. स. १७५५ पासून इंग्रजांनीं या अकेडियनांस त्यांच्या भूमीवरून उठविलें. अनेक हालअपेष्टा सोसून त्यांपैकीं कांहीं जण १७६४-६५ च्या सुमारास लुइझियानांत आले, आणि १७८५ मध्यें आणखी सुमारें सोळाशें जण फ्रान्सहून सात जहाजांतून येऊन पोंचले. बांध घालण्यांत तरबेज असलेल्या या लोकांपैकीं जे दलदलींत स्थायिक झाले, त्यांनीं तेथें पिरोग हातीं घेतली व कोळंबी, कालवें, मासे आणि केसाळ जनावरें यांवर आपला संसार उभारला.

त्यांच्याच सुमारास कॅनरी बेटांतून आलेले स्पॅनिश वसाहतवाले न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेस वसले. मळ्यांतून पळालेले गुलाम दलदलींत लपून राहत. त्यांचा पुढारी सान मालो यास १७८४ मध्यें फांशी दिलें गेलें, परंतु खाजणांतील एका जागेला त्याचें नांव कायमचें चिकटलें. त्याच सेंट मालो येथें पुढें फिलिपाइन बेटांतील खलाशांनीं खांबांवर घरें उभारून मासेमारीचें खेडें वसविलें. नंतर जपानविषयक लेखनानें प्रसिद्धि पावलेल्या लाफकाडिओ हर्न यानें १८८३ मध्यें या खेड्याचें वर्णन एका अमेरिकन साप्ताहिकांत लिहिलें. १९१५ च्या तुफानानें तें खेडें नाहींसें केलें. बाराटारियाच्या खाड्यांतून चोरटा व्यापार करणाऱ्या लाफित बंधूंची कथा तर सर्वश्रुत आहे. तात्पर्य, ज्यांना कोरड्या जमिनीवर जागा नव्हती त्यांना खाजणानें जागा दिली.

या व्यवस्थेचा मोड दोन दिशांनीं आला. पहिली दिशा नदीची. न्यू ऑर्लिन्स वसल्यापासूनच मिसिसिपीच्या कांठांवर बांध घालण्यास सुरुवात झाली होती. १९२७ मध्यें मोठा महापूर आला, तेव्हां शहर वांचविण्यासाठीं अधिकाऱ्यांनीं शहराच्या खालच्या अंगास कार्नार्व्हन येथील बांध सुरुंग लावून फोडला, व फांसे लावून आणि मासे धरून पोट भरणाऱ्या खाजणवासीयांचा मुलूख पाण्याखालीं घातला. पुढील वर्षीं कायदा होऊन सबंध नदी भक्कम बांधांत कोंडली गेली. पूर थांबले हें खरें. परंतु पुराबरोबर खाजणाला मिळणारा गाळहि थांबला. गाळाची भूमि स्वभावतःच खचत असते; तिला दरसाल नवा थर मिळाला तरच ती समुद्राच्या पातळीवर टिकते. ज्या बांधानें शहर राखलें त्यानेंच खाजणाचें अन्न तोडलें.

दुसरी दिशा तेलाची. १९३३ मध्यें पेल्टो सरोवरांत तळाशीं बसविण्याजोग्या तराफ्यावरून तेलाची विहीर प्रथम खणली गेली. ही युक्ति साधतांच खाजणांत कोठेंहि विहीर पाडणें शक्य झालें. मात्र तेथवर तराफा नेण्यास सरळ, रुंद व खोल कालवा हवा. असे कालवे पुढील चाळीसएक वर्षांत इतके खणले गेले कीं त्यांची एकंदर लांबी सुमारें दहा हजार मैल भरते, असा अंदाज आहे. कालव्यांतून काढलेला चिखल कांठांवर ढीग करून टाकला जाई. त्यामुळें गवतावरून संथ पसरणारें पाणी अडून राही व मुळें कुजत. दुसरीकडून, त्याच सरळ वाटेनें समुद्राचें खारें पाणी थेट गोड्या दलदलींत शिरे आणि तेथील झाडें व गवत मारून टाकी. गवत मेलें कीं चिखलाला धरून ठेवणारें कांहींच उरत नाहीं. मग लाटा तो धुवून नेतात. फ्लॅहर्टीच्या चित्रपटाच्या अखेरीस मनोरा शांतपणें निघून जातो व खाजण पूर्वीसारखें राहतें. वास्तवांत मनोरा गेला तरी कालवा मागें राहिला.

येथें या सर्व इतिहासाचें मर्म आहे असें मला वाटतें. पिरोग खाजणाच्या मापानें केलेली होती. तराफ्यासाठीं खाजणच त्याच्या मापानें कापावें लागलें. दोनशें वर्षें हजारों पिरोग या पाण्यांतून गेल्या, पण त्यांच्या मागें चिखलावर ओरखडाहि उरला नाहीं. पिरोग स्वतः मात्र टिकली नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गिरण्यांनीं सायप्रसचीं जुनीं अरण्यें चाळीस-पन्नास वर्षांत तोडून संपविलीं; बुंधा मिळेना तेव्हां फळ्यांची पिरोग आली, त्यानंतर प्लायवूडची, आणि पुढें यंत्राच्या होडीनें तिला मागें सारलें.

आतां माशाकडे वळूं. या खाजणांतील हौशी लोकांचा आवडता मासा म्हणजे ज्याला तेथें लाल मासा म्हणतात तो. आपला घोळ व ढोमा ज्या कुळांतले त्याच कुळांतला हा. अंग तांबूस-सोनेरी, शेपटीच्या मुळाशीं एक काळा ठिपका. विणीच्या काळांत नर ढोलासारखा आवाज काढतो. आयुष्याचीं पहिलीं तीन-चार वर्षें तो खाजणांत कोळंबी व खेकडे खाऊन वाढतो, आणि नंतर खोल समुद्रांत जातो. गरिबांच्या घरचा हा मासा १९८० नंतर एकाएकीं मोठ्या शहरांच्या मेजांवर गेला. न्यू ऑर्लिन्सचे पाकशास्त्रज्ञ पॉल प्रुडोम यांनीं तो मसाला लावून तापल्या तव्यावर काळा भाजण्याची रीत प्रचारांत आणली, आणि तिचें वेड देशभर पसरलें. आखातांतील मोठमोठे थवे जाळ्यांनीं एकदम वेढून काढले जाऊं लागले. मासा संपतो कीं काय अशी भीति पडून लुइझियानानें १९८८ मध्यें त्याची व्यापारी मासेमारी बंद केली. १९९५ च्या कायद्यानें खाऱ्या पाण्यांतील कल्ले अडकविणारीं जाळींहि बहुतेक बंद झालीं. मासा वांचला, यांत संशय नाहीं. परंतु ज्या खाजणवासीयाचा त्यावर पिढीजात चरितार्थ होता त्याच्या हातून तो गेला, आणि गळाची काठी घेऊन सुटीच्या दिवशीं येणाऱ्या शहरवासीयाचा झाला. एकाच्या स्वयंपाकघरांतील खूळ, दुसऱ्याच्या गलबतांची हांव, आणि शिक्षा तिसऱ्याला, असा हा न्याय झाला.

या नव्या मच्छीमाराची होडी म्हणजे कयाक. तिचा प्रवास विलक्षण आहे. वाहून आलेल्या लांकडांचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचें कातडें, अशी ती मूळची शिकाऱ्याची होडी. १७४१ नंतर रशियन व्यापारी अल्यूशियन बेटांत आले, तेव्हां त्यांनीं तेथील लोकांस याच जातीच्या होड्यांतून पाणमांजरांची शिकार करण्यास वेठीस धरलें. १८६५ मध्यें जॉन मॅक्ग्रेगर या ब्रिटिश गृहस्थानें तिच्या धर्तीवर लांकडी होडी करून युरोपांतील नद्यांवर सफर केली व आपलें प्रवासवर्णन छापलें. तेव्हांपासून ती रिकामपणाची करमणूक झाली. १९०७ च्या सुमारास जर्मनींत क्लेपर यानें घडी करतां येणारी कयाक विकण्यास आरंभ केला, व १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें तिच्या शर्यती झाल्या. १९७० नंतरच्या दशकांत ती प्लॅस्टिकच्या एकसंध सांच्यांतून निघूं लागली, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियांत आंत बसण्याऐवजीं वर बसावयाची कयाक तयार झाली. पाणी आंत शिरून बुडण्याची भीति गेली, किंमत उतरली, आणि मासे धरण्यास ती सर्वथा सोयीची झाली.

खाजणांत तिचा उपयोग कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. लाल मासा कित्येकदां फूटभर पाण्यांत चरतो. डोकें चिखलांत खुपसून तो खेकडा उकरूं लागला म्हणजे त्याची शेपटी पाण्याबाहेर हलतांना दिसते. यंत्राची होडी तेथें पोंचत नाहीं, आणि पोंचली तरी तिच्या आवाजानें मासा पळतो. कयाकवाला वल्हें अलगद टाकीत गवताच्या कडेनें जातो, वारा पाठीशीं घेतो, व नांगराऐवजीं एक काठी चिखलांत रोवून होडी थांबवितो. गळाच्या दोरीला तो एक पोकळ तरंगता गोळा बांधतो. दोरीला हिसका दिला कीं गोळा 'डुबुक्' असा आवाज करितो, आणि कोळंबीवर कोणी तुटून पडलें आहे असें वाटून मासा धांवत येतो. मोठा मासा गळाला लागला म्हणजे तो होडीसकट माणसाला ओढीत नेतो. ओहोटीचा व वाऱ्याचा अंदाज चुकल्यास मात्र परतीच्या वाटेंत चिखलच उरतो. हें सगळें ज्ञान पिरोगवाल्यापाशीं होतें. तें आतां खेळ म्हणून पुन्हां शिकावें लागत आहे.

आतां या करमणुकीच्या तळाशीं असलेली एक खेदकारक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३२ पासून २०१६ पर्यंत लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारें ४,८३३ चौरस किलोमीटर भूमि समुद्रांत गेली; म्हणजे मूळच्या भूमीचा चतुर्थांश, आणि आपल्या गोव्याच्या सव्वापटीहून अधिक. असें असतां तेथें मासा व कोळंबी विपुल कशी? याचें उत्तर असें कीं जलचरांचें पोषण खाजणाच्या मध्यभागापेक्षां त्याच्या कडेला अधिक होतें. खाजण फुटून त्याचे तुकडे होऊं लागले म्हणजे प्रथम कड वाढते, कुजलेल्या गवताचें अन्न पाण्यांत मिसळतें, आणि मासळी उलट पुष्कळ मिळते. जोन ब्राउडर व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ मध्यें दाखवून दिलें कीं ही वाढ एका मर्यादेपर्यंतच टिकेल. तुकडेहि विरले कीं कड संपेल, व तिच्याबरोबर कोळंबीहि घटेल. म्हणजे आज कयाकवाला जें घरीं नेतो त्याचा कांहीं भाग व्याजाचा नसून मुद्दलाचा आहे. २०२४ मध्यें लुइझियानानें एका माणसास दिवसाला धरतां येणाऱ्या लाल माशांची संख्या पांचांवरून चारांवर आणली, हें त्या मुद्दलाच्या काळजीचेंच एक लक्षण होय.

भूमि बुडाली म्हणून मालकी बुडते काय, हाहि वाद तेथें माजला आहे. खाजणाचा बहुतेक भाग खासगी मालकीचा आहे. पाण्याखालीं गेलेली जमीन सरकारची झाली तर तिच्या पोटांतील तेलहि सरकारचें होतें. त्यामुळें मालक आपला हक्क सोडीत नाहींत, आणि उघड्या पाण्यावरहि प्रवेशबंदीच्या पाट्या दिसतात. लोकांस मुक्त संचार देणारें विधेयक २०१८ मध्यें विधिमंडळांत फेटाळलें गेलें. कयाकवाल्याला वाट चुकल्याचा जो दंड बसेल तो कदाचित् अशा जमिनीवर अतिक्रमणाचा असेल कीं जी केवळ नकाशावर उरली आहे.

ज्यांची जमीन खरोखरीच गेली त्यांचें उदाहरण आइल द जाँ शार्ल या बेटाचें. तेथील मूळ रहिवाशांचें बेट १९५५ मध्यें सुमारें २२,००० एकर होतें, त्यांतील ३२० एकर उरले. २०१६ मध्यें मध्यवर्ती सरकारनें त्यांच्या स्थलांतरासाठीं ४ कोटी ८३ लक्ष डॉलर मंजूर केले आणि २०२२ मध्यें पहिलीं कुटुंबें उत्तरेस नव्या घरांत राहावयास गेलीं. दुसरीकडे, बांधाला दार पाडून नदीचा गाळ पुन्हां बाराटारियाच्या खाजणांत सोडण्याची सुमारें तीनशें कोटी डॉलरांची योजना २०२३ मध्यें सुरू झाली. गोडें पाणी आलें तर कालवें व कोळंबी मरतील, म्हणून तेथील मच्छीमारांनींच तिला कसून विरोध केला. खर्चहि वाढत गेला, आणि २०२५ मध्यें ती योजना रद्द झाली. भूमि उद्यां वांचावी म्हणून आजचें पोट मारावें कीं काय, हा प्रश्न दुरून सोपा वाटतो. ज्याचें पोट आहे त्याला तो तसा वाटत नाहीं.

आपल्या खाजणांचा रोग याच्या नेमका उलट आहे. गोव्यांतील बांध गांवकरीनें शतकानुशतकें राखले. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि पुष्कळ ठिकाणीं डागडुजी ढिली पडून खारें पाणी शेतांत शिरलें. तेथें बांध अति बळकट झाला म्हणून खाजण मेलें, येथें बांध दुबळा झाला म्हणून. परंतु निदान एकच आहे. खाजण ही अर्धी पाण्याची व अर्धी जमिनीची वस्तु. तिच्यावर रोज राहणारा, तिचें पाणी रोज पाहणारा मनुष्य तेथून उठला कीं तिचा सांभाळ कोणाच्याच कर्तव्यांत राहत नाहीं. कयाक ही पिरोगइतकीच निरुपद्रवी होडी आहे, आणि तिच्यांत बसणारा मनुष्य खाजणावर प्रेमहि करितो. पण तो संध्याकाळीं शहरांत परत जातो. खाजणाला हवा असलेला मनुष्य रात्रीं तेथेंच निजणारा होता.